बायकांची हजेरी व पुरुषांचे कायदेमंडळ

कर्जत तालुक्यातील कोणत्याही गावी कांद्याची काढणी चालू असलेल्या शेताच्या बांधावर सायंकाळी घटकाभर उभे राहावे, म्हणजे मोठमोठ्या ग्रंथांत न सापडणारी एक गोष्ट ध्यानात येते. मालक मजुरी वाटावयास बसतो तेव्हा ‘गड्यांची हजेरी’ व ‘बायांची हजेरी’ असे दोन भाव त्याच्या तोंडी असतात. आणि हे भाव दोन का, असा प्रश्न तेथे कोणाच्याही मनात उद्भवत नाही, देणाऱ्याच्या नाही आणि घेणारीच्याही नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापून, पोराबाळांचे उरकून बाई शेतात उतरते, दिवस कलेपर्यंत कंबर वाकवून राहते, आणि कोठे गड्याच्या निम्मे तर कोठे दोन-तृतीयांश पैसे पदराच्या गाठीस बांधून घरी परतते. ज्यांची शेती आहे अशा आमच्या वाचकांस हे सांगावयास नको. आमच्या घरच्या शेतावरही हीच चाल होती. कायद्याची पदवी घेऊन गावी परतल्यावरही कित्येक वर्षे दोन भावांची ती वही आमच्याच हातून लिहिली गेली, आणि लिहिताना हात थबकला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. स्त्री व पुरुष या दोघांस समान कामाबद्दल समान वेतन मिळावे असे धोरण राज्याने ठेवावे, हे भारतीय संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात लिहिलेले आहे. याच तत्त्वावर आधारलेला १९५१ सालचा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशाने १९५८ साली मान्य केला. पुढे १९७५ साली वटहुकूम निघाला, १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, आणि आता त्याची जागा २०१९ सालच्या वेतनसंहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. वेतनाच्या बाबतीत स्त्री म्हणून कोणास कमी देता येणार नाही, असे तिचे तिसरे कलम स्वच्छ शब्दांत सांगते. म्हणजे पन्नास वर्षे कायदा आहे आणि पन्नास वर्षे बांधावरील वहीत दोन भाव आहेत. दोहोंचा एकमेकांस उपसर्ग म्हणून कसा तो नाही!

याचे कारण कायद्याच्याच एका शब्दप्रयोगात आहे. ‘तेच काम वा तशाच स्वरूपाचे काम’ असेल तर वेतन समान. गावाने यातून सुटण्याची वाट कायदा जन्मण्यापूर्वीच करून ठेवली होती. नांगरट, औत, फवारणी, पोती उचलणे ही गड्याची कामे; खुरपणी, लावणी, वेचणी, निवडणी ही बाईची. दोघे एक काम करीतच नाहीत, मग समान वेतनाचा प्रश्न आला कोठून? युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. परंतु वकिलाच्या नजरेस तो जुना वाटतो, कारण हाच युक्तिवाद मुंबईतील एका नामांकित कंपनीने सर्वोच्च न्यायालयापुढे करून पाहिला होता. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतील स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा यांच्या १९८७ सालच्या त्या खटल्यात कंपनीचे म्हणणे असे होते की, या बाया ‘विश्वासातील लेडी स्टेनोग्राफर’ आहेत, तो वर्गच निराळा आहे, त्या वर्गात पुरुष कोणी नाही. तेव्हा तुलना करावयाची कोणाशी? न्यायालयाने हे मानले नाही. कामाच्या स्वरूपात व्यवहारतः फरक नसेल तर केवळ वर्गाचे नाव बदलून वेतन कमी करता येत नाही, आणि समान वेतन देणे परवडत नाही ही सबबही चालत नाही, असा निर्वाळा त्या खटल्यात मिळाला. टंकलेखन-यंत्रापुढे बसणाऱ्या बाईस जो न्याय लागला तो खुरपे घेऊन बसणाऱ्या बाईस का लागू नये? कौशल्य, श्रम, अनुभव व जबाबदारी ही चार मापे संहितेने दिली आहेत. कांद्याच्या वाफ्यात रोप न दुखवता तण तेवढे काढणे यात कौशल्य नाही असे ज्यास वाटते, त्याने एक दिवस खुरपणीस बसून पाहावे; संध्याकाळी त्याचे मत बदललेले असेल आणि कंबरही धरलेली असेल.

परंतु डिकॉस्टाबाईंस न्यायालयाची पायरी चढता आली. कुळधरण किंवा मिरजगाव परिसरातील शेतमजूर बाईने कोणावर दावा लावावयाचा? उद्या ज्याच्या शेतात पुन्हा कामास जावयाचे त्याच्यावर? एकटीदुकटीने न्यायालयात जाऊन सुटणारा हा प्रश्न नव्हे. तो राज्याच्या कारभाराचा, म्हणजेच राजकारणाचा प्रश्न आहे. आणि याच राज्याने एके काळी तो बऱ्याच अंशी सोडवून दाखविला होता, याचे विस्मरण होऊ देता कामा नये.

१९७२ च्या दुष्काळाचे नाव काढले की आमच्या तालुक्यातील वृद्ध माणसे अजून क्षणभर गप्प होतात. रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामे त्या वेळी राज्यभर निघाली. मे १९७३ मध्ये अशा कामांवर सुमारे ५० लक्ष माणसे होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगावच्या बाजूस ज्या कल्पनेचा प्रयोग केला होता, तिचेच पुढे रोजगार हमीच्या कायद्यात रूपांतर झाले. तो कायदा १९७७ साली मंजूर झाला व २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्या कामांवर मजुरी माणूस पाहून ठरत नसे. माती किती खोदली, खडी किती फोडली, ती किती अंतर वाहिली याचे माप घेऊन ठरे. दरपत्रकात गडी व बाई असे रकाने नव्हते. हजेरीपटावर बाईचे नाव स्वतंत्र होते, नवऱ्याच्या नावाखाली नव्हते. मापात लबाड्या झाल्या, मजुरी महिनामहिना थकली, हे सर्व खरे. त्या योजनेचे स्तोत्र गाण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या बाईस गावातील शेतात निम्मी हजेरी मिळत होती, तिलाच सरकारी बांधावर गड्याच्या दराने पैसे मिळाले. हे घडले तेव्हा आकाश कोसळले नाही, की कोणाचा संसार मोडला नाही. मग जे सरकारी बांधावर होऊ शकले ते खाजगी बांधावर होण्यास अडचण कोणती?

येथे आमच्या व्यापारी वाचकांस एक आठवण द्यावीशी वाटते. आपण दरवर्षी कुरकुरत जो व्यवसायकर भरता, तो १९७५ साली याच रोजगार हमीच्या खर्चासाठी बसविण्यात आला. म्हणजे शहरगावच्या पैशाने खेड्यातील बाईस समान मजुरी मिळाली, आणि ती पुन्हा बाजाराच्या दिवशी आपल्याच दुकानात मीठमिरची, लुगडे, पाटीपेन्सिल यांच्या रूपाने परत आली. बाईच्या हाती आलेला पैसा गुत्त्याकडे वळत नाही, किराण्याच्या दुकानाकडे वळतो, हे आम्ही व्यापाऱ्यांस शिकवावे असे नाही.

तर मग ही गोष्ट पुढे का सरकली नाही? आमच्या मते उत्तर असे की, जेथे मजुरीचा दर ठरतो तेथे स्त्रिया नाहीत, आणि जेथे स्त्रिया आहेत तेथे मजुरीचा दर ठरत नाही. ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ सालापासून ग्रामपंचायती व नगरपालिका यांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या. १९९४ साली महाराष्ट्राने स्त्रीविषयक स्वतंत्र धोरण जाहीर केले. २०११ साली हे प्रमाण निम्म्यावर नेले. या जिल्ह्याने जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदावर स्त्रिया पाहिल्या, कर्जतच्या नगरपंचायतीतही निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात. पण ग्रामपंचायतीस दिवाबत्ती व नळपाणी यांचा अधिकार आहे, खुरपणीचा दर ठरविण्याचा नाही. शेतमजुरीचे किमान दर राज्य सरकार ठरवते. समान काम कोणते याचा वाद मिटविणारा अधिकारी राज्य सरकार नेमते. आणि त्या राज्याच्या विधानसभेत २०२४ साली २८८ पैकी अवघ्या २१ स्त्रिया निवडून गेल्या. त्यापूर्वी २०१९ साली २४ होत्या. म्हणजे पाऊल पुढे पडावयाचे ते मागे पडले. डिसेंबर २०२४ मध्ये विस्तार पावलेल्या ४२ जणांच्या मंत्रिमंडळात स्त्रिया ४. १९६० साली राज्य झाले तेव्हापासून मुख्यमंत्रिपदावर स्त्री बसलेली नाही. आणि ज्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यादेवींच्या नावावरून अहिल्यानगर असे झाले, त्या जिल्ह्यातील १२ मतदारसंघांनी त्याच वर्षी मुंबईस धाडलेल्या प्रतिनिधींत स्त्री एक!

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली येथून जवळच, जामखेड तालुक्यातील चौंडी येथे झाला. आमच्याच तालुक्यातील सिद्धटेकचे देवालय त्यांनी बांधविले. त्यांच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीस भरली, हा मान या भागास मिळाला याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु अहिल्यादेवी राज्य करीत होत्या; त्यांच्या नावाने दुसरे कोणी करीत नव्हते. आज सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून त्यांचे यजमान बसतात आणि ‘सरपंचपती’ हा शब्द कोणास खटकेनासा झाला आहे. जी बाई खरोखरच स्वतः कारभार पाहू लागते तिचे काय होते, हे जळगाव जिल्ह्यातील विचखेड्याच्या प्रकरणाने दाखविले. तेथील निवडून आलेल्या सरपंचबाईंस अपात्र ठरविण्यात आले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्या न्यायालयाने त्यांस पदावर कायम करताना, स्त्री सरपंच निर्णय घेते हेच ग्रामस्थांस रुचले नाही, असा अभिप्राय दिला. एका गावच्या सरपंचपदासाठी दिल्लीपर्यंत जावे लागते, यावरून वाट किती बिकट आहे याचा अंदाज यावा.

कायदेमंडळात स्त्रिया गेल्या म्हणून आपोआप सर्व सुधारते असे आमचे म्हणणे नाही. पण काही प्रश्न त्या तेथे जाईपर्यंत उपस्थितच होत नाहीत. गर्भजल-परीक्षेच्या आधारे मुलींचे गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत उघडपणे चालू असता मृणाल गोरे यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला, आणि १९८८ साली महाराष्ट्राने त्यास आळा घालणारा कायदा केला. देशाचा कायदा होण्यास १९९४ साल उजाडले. त्याचप्रमाणे बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायांची गर्भाशये काढली जात असल्याची ओरड झाली तेव्हा, २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. हा आकडा वाचून ज्याच्या अंगावर शहारा येत नाही, त्याने पुढचा मजकूर वाचण्याचे कष्ट न घेतले तरी चालेल.

कारण या ऊसतोडणीतच असमान मजुरीचे सर्वांत उघडे रूप दिसते. दिवाळी सरली की आमच्या तालुक्यातून, जामखेड-पाथर्डीकडून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात. तेथे मजुरी माणसास नाही, ‘कोयत्या’स आहे; आणि कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. गडी ऊस तोडतो; बाई तो गोळा करून मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढविते, आणि खोपीवर परतून चूल पेटविते. उचल मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती पडते, हिशेब नवऱ्याशी होतो, अंगठा वा सही नवऱ्याची. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. वाढ झाली ती टनावर, आणि टनाला नवरा की बायको हे ठाऊक नसते. शेतातील बाईस निदान अर्धी हजेरी तिच्या हातात तरी मिळते. येथे तिचे काम आहे, घाम आहे, आजारपणाचा ‘खाडा’ही तिच्या नावावर मोजला जातो, पण मजुरीच्या कागदावर ती नाहीच. कोयत्याची नोंद दोन नावांनी व्हावी आणि निम्मे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात जावेत, यासाठी कारखान्यांस एक दमडीही जादा मोजावी लागत नाही. सरकारने हुकूम काढावा एवढेच हवे आहे.

बाजार समितीच्या आवाराकडे पाहिले तर हाच धडा दुसऱ्या बाजूने मिळतो. पोते उचलणाऱ्या हमालाचा दर ठरलेला आहे, कारण अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाड्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला. त्याच आवारात कांदा निवडणाऱ्या बायांची हजेरी मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. हमालाचे काम अधिक जड आहे हे मान्य. पण त्याचा दर ठरला तो पोत्याच्या वजनाने नव्हे, संघटनेच्या वजनाने.

आता एक आक्षेप असा आहे की जो आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. बाईची मजुरी गड्याइतकी केली तर तिला कामावर ठेवणार कोण? मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला, डॉ. आंबेडकरांनी त्याचे समर्थन केले, आणि तो सर्वस्वी योग्यच होता. तथापि पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटत गेली हेही खरे. शेतात हे भय तणनाशकाच्या रूपाने आजच उभे आहे. खुरपणीच्या बाया महाग पडल्या की शेतकरी पंप पाठीस बांधतो. कांद्याचा भाव आपटतो त्या वर्षी मजुरी कोठून द्यावी, या छोट्या शेतकऱ्याच्या प्रश्नासही केवळ तत्त्वाने उत्तर देता येणार नाही. म्हणूनच आम्ही म्हणतो की ज्याने-त्याने आपल्या शेतावर धर्मराज व्हावे एवढ्याने भागणार नाही. दर सर्व तालुक्यास एक असला तरच चांगल्या मालकाचे नुकसान टळते. सरकारी कामाचा पर्याय जवळ असला तरच बाईस कमी दर नाकारता येतो. आणि शेतमालाचा भाव व शेतमजुरीचा दर हे एकाच सभागृहात, एकाच वेळी विचारात घेतले गेले तरच शेतकरी आणि मजूर यांची झुंज लागत नाही. हे काम विधिमंडळाचे आहे.

विधिमंडळाने अलीकडे स्त्रियांसाठी काहीच केले नाही असे कोणी म्हणणार नाही. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेखाली दरमहा १,५०० रुपये देण्यास आरंभ झाला, आणि दोन कोटींहून अधिक स्त्रियांच्या खात्यांत ते गेले. गरीब घरात त्या पैशाने औषध येते, शाळेची फी भरली जाते; त्यास नाके मुरडणारांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. पण हिशेब करून पाहा. गड्याच्या व बाईच्या हजेरीत दिवसास दीडशे रुपयांचाच फरक धरला, तर दहा दिवसांच्या कामात पंधराशे रुपये बुडतात. म्हणजे भावाने महिन्याकाठी घातलेली ओवाळणी ही बहिणीच्या दहा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीइतकी भरते! ओवाळणी भावाच्या खुशीची असते, आज घालील, उद्या हात आखडील. मजुरी ही हक्काची. आणि सरकार स्वतः मालक असते तेथेही त्याची वही पाहावी. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाड्यांतील सेविका मुलांस शिकवितात, जेवू घालतात, नोंदी ठेवतात. परंतु त्यांस जे मिळते त्यास ‘वेतन’ म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. मान देऊन धन वाचविण्याची ही युक्ती मोठी नामी आहे. त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत हे ठरण्यासाठी एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निकाल द्यावा लागला.

लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती २०२३ साली झाली. मात्र जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांची अट त्याच दुरुस्तीत घातली गेली. उमेदवारी देण्यास कोणत्याही अटीची आडकाठी नाही. पक्षांनी मनात आणले तर पुढील निवडणुकीत तिसरा हिस्सा तिकिटे स्त्रियांस देता येतील. आणि ती आमदारांच्या पत्नी, कन्या व सुना यांसच न देता, ज्यांनी ग्रामपंचायतीत पाच वर्षे भांडून कारभार शिकला आहे त्यांस देता येतील. वेतनसंहितेने राज्य सल्लागार मंडळावर एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. तेथे पुण्यामुंबईच्या पदवीधर बाया बसवून आकडा भरला म्हणजे कायदा पाळला जाईल, पण खुरपणीचा दर ठरविताना खुरपे धरलेली एखादी तरी बाई त्या खोलीत असेल काय, हे आम्ही विचारीत राहू.

विचारावयाचे कोणास, हा प्रश्न कर्जतकरांस पडू नये. २०२४ साली या मतदारसंघात रोहित पवार यांनी राम शिंदे यांचा अवघ्या १,२४३ मतांनी पराभव केला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मूळ चौंडीचे असलेले शिंदे विधान परिषदेचे सभापती झाले. रोजगार हमीचे जनक पागे ज्या आसनावर बसत, तेच हे आसन. एवढ्या चुरशीच्या तालुक्यात, ज्यांची हजेरी निम्मी आहे त्या बायांचे मत मात्र पुरे एक मोजले जाते, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. कोयत्याची नोंद दोन नावांनी करण्याचा आणि शेतमजुरीच्या दरपत्रकात खुरपणी, काढणी, निवडणी यांस गड्याच्या कामांच्या बरोबरीने बसविण्याचा, असे दोन प्रश्न येत्या अधिवेशनात आपण मांडणार की नाही, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी द्यावे. जे येईल ते आम्ही शब्दशः छापू.

दरम्यान, आमच्या शेतावर या खरिपापासून एकच हजेरी सुरू झाली आहे. पहिल्या आठवड्यात शेजारच्या बांधावरून बरीच बोलणी ऐकावी लागली. तालुक्यातील ज्या शेतकऱ्याने, आडत्याने वा दुकानदाराने अशीच वही एक केली असेल, त्याने आपला अनुभव, नफ्याचा असो वा नुकसानीचा, आम्हांस लिहून कळवावा.